दशा

माझ्या पहिल्या नोकरीचा दुसरा आठवडा होता. ऑफिसच्या वॉशरूममध्ये मी आणि आमची टीम लीड अशा दोघीच होतो. ती आरशात बघून केस बांधत होती, मी मागे उभी राहून हात वाळवत होते. सवयीने माझी नजर तिच्या पायांकडे गेली.

पायात काळे अँकल बूट. घोटा जेमतेम झाकणारे, बाजूला इलॅस्टिक असलेले, चांगल्या चामड्याचे. पण बुटाच्या वर जिथे जीन्स संपायला हवी होती, तिथे ती नीट संपलीच नव्हती. दुमड नाही, टीप नाही. कापड कात्रीने कापून तसंच सोडून दिलेलं. पुढून आखूड, मागून तीन बोटं लांब आणि चहूबाजूंनी दोरे लोंबताहेत.

मला वाटलं, बिचारी सकाळच्या घाईत तशीच निघाली असेल. दिवसभर मीटिंग, कुणी सांगितलंही नसेल. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मॅम, तुमच्या जीन्सची खालची शिलाई उसवलीये. माझ्याकडे सेफ्टी पिना आहेत. आणि उद्या आणलीत तर नीट करून आणते. माझ्या ओळखीचे एक जण आहेत."

तिने खाली पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मोठ्याने हसली. वाईट हसणं नव्हतं ते. "अगं, ही अशीच येते. रॉ हेम. त्यातही हे स्टेप हेम, म्हणून पुढे-मागे कमी-जास्त. आणि मॅम काय? नावाने हाक मार."

दुपारपर्यंत किस्सा सगळ्या टीमला कळला होता. आजी नातीची फाटकी जीन्स प्रेमाने शिवून ठेवते, ते मीम तुम्ही पाहिलं असेल. पुढचा आठवडाभर मी ऑफिसची आजी होते. मीही हसले. त्यात लागण्यासारखं काही नव्हतं.

लागलं ते दुसरंच. 'माझ्या ओळखीचे एक जण' असं मी म्हणाले होते. ते ओळखीचे एक जण म्हणजे माझे पप्पा.

*

पप्पा जीन्सची लांबी कमी करतात. 26 वर्षं झाली. एफसी रोडवर एका कपड्याच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांचं मशीन आहे. वर डोकं लागतं, म्हणून ते उठतानाही वाकूनच उठतात. शेजारी एक स्टूल, भिंतीवर खिळ्याला टेप, डब्यात खडूचे तुकडे. आत जीन्स विकत घ्यायची, बाहेर येऊन स्टुलावर उभं राहायचं, पप्पा खाली बसून माप घेणार, दहा-पंधरा मिनिटांत जीन्स तयार.

गिऱ्हाईक उभं राहिलं की पप्पांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "यावर काय घालणार?"

लोकांना हा प्रश्न कळत नाही. ते म्हणतात, टी-शर्ट. पप्पा म्हणतात, "वर नाही हो, पायात." कारण लांबी पायाच्या मापाने ठरत नाही, पायात काय आहे त्याने ठरते. चपलेवर बरोबर बसलेली जीन्स बुटावर आखूड वाटते. हिलवर बरोबर बसलेली फ्लोटरवर जमिनीला घासते आणि महिन्याभरात टाचेपाशी फाटते. म्हणून ते पायातलं काढू देत नाहीत. जे रोज घालणार तेच घालून उभं राहा, म्हणतात.

इतकी वर्षं लोकांच्या पायाशी बसल्यामुळे पप्पा माणसं घोट्यापासून खाली ओळखतात. कुणाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नाही. पण टाच आतून झिजलेली असली की म्हणतात, "हे मागच्या दिवाळीत आले होते. डावा पाय अर्धा इंच आखूड आहे त्यांचा."

जीन्सची दुमड सोपी नसते. काठ दोनदा आत मुडपायचा, म्हणजे कापडाचे तीन पदर होतात. बाजूच्या शिवणीपाशी तर जाडी कितीतरी पट वाढते. तिथे सुई अडते, मोडते. पप्पा 18 नंबरची सुई लावतात आणि त्या जाड जागेवर आधी छोट्या हातोडीने दोन-तीन ठोके घालून ती चपटी करून घेतात. एफसी रोडच्या गोंगाटातही तो ठोका मला लांबून ओळखू येतो.

कापलेले तुकडे घरी यायचे. पायाच्या नळीचे, बांगडीसारखे गोल. आई ते उलगडून जोडायची. आमच्या उशा, पायपुसणी, माझा पेन्सिलचा पाऊच, सगळं अनोळखी लोकांच्या जीन्सच्या टोकांपासून बनलेलं होतं.

तर अशा घरातली मुलगी न मुडपलेली जीन्स बघून गप्प कशी बसेल?

*

त्या दिवसानंतर मी फोनवर जीन्सचे काठच बघत बसले. बघावं तितकं कमी होतं. कापून सोडलेला काठ. पुढे आखूड, मागे लांब असा पायरीचा काठ. तिरका कापलेला. मुद्दाम कुरतडल्यासारखा. हातभर रुंद बाहेर दुमडलेला. यातल्या बऱ्याच जणी पायात अँकल बूट घालून उभ्या.

आणि मग एक प्रकार दिसला, त्यापाशी मी थांबले. रिलीज्ड हेम. जुनी दुमड उसवून खाली सोडलेली. दुमडीच्या आत राहिलेला भाग ऊन-पाण्यापासून वाचलेला असतो, म्हणून तो गडद. वरचा फिका. मधे जुन्या टिपेची रेघ. ती रेघ दिसावी म्हणून ही जीन्स जास्त पैशांना मिळते.

ती रेघ माझ्या ओळखीची होती.

शाळेत माझा निळा स्कर्ट वाढत्या अंगाचा शिवलेला असायचा. खाली चांगली चार बोटं दुमड. दर जूनमध्ये पप्पा ती थोडी उसवायचे आणि स्कर्ट माझ्याबरोबर वाढायचा. पाचवी ते आठवी एकच स्कर्ट. पण वरचं कापड धुऊन-धुऊन विटलेलं आणि खाली सोडलेलं नवंकोरं. मधली रेघ पप्पांनी कितीही इस्त्री फिरवली तरी जायची नाही. सातवीत तर दोन रेघा होत्या. वर्गातल्या एका मुलीने त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "हा कितवा मजला?" त्या वर्षी मी प्रार्थनेच्या रांगेत दप्तर पाठीऐवजी पुढे, मांड्यांवर धरून उभी राहायचे.

त्यामुळे मला राग आला. खोटं कशाला बोलू. जे लपवण्यात माझं एक वर्ष गेलं, ते कुणी तरी पैसे मोजून विकत घेतंय आणि वर त्याला छान नाव आहे.

राग आला की मी वाचत बसते. वाचताना कळलं की जीन्सची गोष्टच मुळी 'पँट फाटू नये' इथून सुरू होते. जेकब डेव्हिस नावाचा, मूळ रिगाचा एक शिंपी अमेरिकेत नेवाडातल्या रेनो गावात दुकान चालवायचा. एक बाई आपल्या लाकूडतोड्या नवऱ्यासाठी टिकाऊ पँट शिवून मागायला आली. डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिबिट ठोकले. ती पँट चालली, पण पेटंटचा खर्च एकट्याला झेपेना, म्हणून त्याने ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या लिव्हाय स्ट्रॉसला पत्र लिहिलं. 20 मे 1873 रोजी दोघांना पेटंट मिळालं. आज नाव एकाचंच राहिलंय. शिंप्याचं नाव मला 24 व्या वर्षी, असं शोधताना कळलं.

आणि इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला. तिथल्या गोदीजवळ मिळणारं जाडंभरडं, स्वस्त, कामगारांचं कापड. म्हणजे हे कापड आधीपासूनच घाम गाळणाऱ्यांचं. ते उसवायचं, झिजायचं, कारण अंगावर काम व्हायचं. मग पॅरिसमध्ये 2014 साली सुरू झालेल्या व्हेत्माँ या ब्रँडने जुन्या जीन्स उसवून, पुन्हा जोडून, वरखाली काठांसकट विकायला काढल्या, हजार डॉलरच्या वर किमतीला. त्यानंतर ते वरखाली काठ हळूहळू सगळीकडे आले. आमच्या ऑफिसच्या वॉशरूमपर्यंत.

*

पण रागाच्या पलीकडे मला एक गोष्ट मान्य करावी लागली. शिंप्याची मुलगी म्हणून.

अँकल बूट आणि नेहमीची दुमडलेली जीन्स यांचं जमत नाही. बुटाची नळी घोट्याच्या वर येऊन थांबते, अगदी जीन्सचा काठ येतो तिथेच. तीन पदरांचा जाड काठ त्या नळीवर येऊन अडतो आणि वळ्या पडतात. नळीत खोचली तर पाय फुगतो. बाहेर दुमडली तर आणखी जाड. न मुडपलेला काठ मात्र एकाच पदराचा असतो. तो बुटावर हलकेच पडतो. पुढून आखूड ठेवला की बुटाचा आकार दिसतो, मागून लांब ठेवला की टाचेच्या वरची चामडी उघडी पडत नाही. चालताना दोरे हलतात ते तर वाईट दिसतच नाहीत. ज्याने कुणी हे पहिल्यांदा केलं, त्याला पायाचं माप कळत होतं.

नोव्हेंबरच्या सेलमध्ये मी दोन्ही घेतलं. स्टेप हेमची जीन्स 2,799 रुपये. बूट त्याहून थोडे जास्त. घरी सांगितलं, निम्म्याला मिळाली.

पप्पांनी जीन्स हातात घेतली. समोरून बघितलीच नाही, आधी उलटी केली. ते कपडा नेहमी आतून बघतात. मग काठ दोन बोटांत धरला.

"कापलंय सरळ," ते म्हणाले. "पण सोडून का दिलंय?"

"फॅशन आहे, पप्पा."

"बरं."

आई म्हणाली, "काय गं ही दशा!"

पप्पा हसले. "दशाच आहेत त्या," ते म्हणाले. आमच्याकडे कापडाच्या टोकाला लोंबणाऱ्या सुट्या दोऱ्यांना दशा म्हणतात. पदराच्या दशा, उपरण्याच्या दशा. आईला म्हणायची होती ती दशा वेगळी, पप्पांची वेगळी.

मग त्यांनी एक दोरा ओढून दिव्याखाली धरला. "हे बघ. डेनिमचा ताणा निळा, बाणा पांढरा. गुडघ्यावर फाटली की उभे निळे तुटतात आणि आडवे पांढरे राहतात. इथे उलटं. आडवे पांढरे एकेक करून गळून जातात, उभे निळे लोंबतात. आणि निळासुद्धा वरवरचाच. हे बघ, आतून पांढराच आहे." त्यांनी नखाने दोरा उकलून दाखवला. खरंच, पोट पांढरं होतं.

दोरा खाली ठेवत ते म्हणाले, "हल्ली मुली येतात अशा. म्हणतात, काका, नुसतं कापून द्या. शिवू नका."

"मग?"

"देतो कापून."

"किती घेता?"

"शिवलंच नाही तर पैसे कसले?"

मी त्यांच्याशी वाद घातला. सरळ कापणं, पुढे-मागे पायरी बरोबर पाडणं, दोन्ही पाय सारखे येणं, हे काम नाही का? त्यांनी ऐकून घेतलं. पण मला दिसत होतं की हा प्रश्न पैशांचा नव्हता. आयुष्यभर ज्या हाताने काठ बांधले, त्याच हाताने ते सोडून द्यायचे आणि वर त्याची मजुरी घ्यायची, हे त्यांना जमत नव्हतं.

रात्री त्यांनी माझे नवे बूट पॉलिश करून दाराशी ठेवले. नव्या बुटांना पॉलिश कशाला, असं मी म्हटलं नाही.

*

डिसेंबरमधल्या एका शनिवारी टीमचं जेवण डेक्कनला होतं. जेवण झाल्यावर कुणीतरी म्हणालं, एफसीला जाऊ. मी नाही म्हणू शकले असते. पोट दुखतंय म्हणू शकले असते. काहीच म्हणाले नाही. मनात म्हटलं, इतकी दुकानं आहेत.

लीड नेमकी त्याच दुकानात शिरली. तिला एक जीन्स आवडली, पण लांब होत होती. दुकानातला पोरगा नवा होता, मला ओळखत नव्हता. म्हणाला, "बाहेर काका आहेत, दहा मिनिटांत करून देतात."

"चल ना," ती मला म्हणाली. "तुला यातलं कळतं."

पप्पा खाली बसलेले होते. त्यांच्यापुढे आधीच्या गिऱ्हाइकाचं काम, मान खाली. ती स्टुलावर चढली. मी दोन पावलं मागे राहिले आणि फोन काढला. फोनवर काही नव्हतं. मी स्क्रीन वर-खाली करत राहिले.

"काका, शिवायचं नाहीये. नुसतं कापून द्या. पुढून आखूड, मागून जरा लांब."

"यावर काय घालणार?" पप्पांनी विचारलं. मान खालीच.

तिने त्या दिवशी साधे स्नीकर घातले होते. तिने आजूबाजूला पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "हिच्यासारखे बूट. हिच्या जीन्ससारखंच करा ना, अगदी सेम."

पप्पा वळले. वर नाही बघितलं. त्यांची नजर जमिनीवरून माझ्या पायांपर्यंत आली आणि तिथे थांबली. ते बूट त्यांनी स्वतः पॉलिश केले होते. त्या जीन्सचा दोरा त्यांनी स्वतः दिव्याखाली धरला होता. माणसं घोट्यापासून खाली ओळखणाऱ्या माणसाला आणखी काही बघायची गरज नव्हती.

त्यांच्या हातातला खडू तसाच राहिला. किती वेळ, सांगता येत नाही. दोन सेकंद असतील.

तेवढ्यात मी 'पप्पा' म्हणायला हवं होतं.

मग ते टेप घेऊन गुडघ्यावर सरकत माझ्यापाशी आले. "ताई, जरा सरळ उभ्या राहा," म्हणाले. माझ्या बुटाच्या वरच्या कडेपासून काठापर्यंत त्यांनी टेप धरली. पुढून एक माप, मागून एक. मान वर केली नाही. सरकत परत गेले, तिच्या जीन्सवर खडूने खूण केली आणि कात्री घेतली.

"काका, किती झाले?"

"काही नाही. नुसतं कापलंय."

तिने 50 रुपये मशीनवर ठेवले. आम्ही निघालो. रस्त्यात ती म्हणाली, "किती गोड आहेत ना ते." मी हो म्हटलं.

*

त्या रात्री मी उशिरा घरी गेले. पप्पा जेवत होते. आईला काही माहीत नव्हतं, तिचं नेहमीसारखं चाललं होतं, गॅस संपत आलाय, मावशीचा फोन आला होता. मी ताट घेऊन बसले. पप्पांनी मला आमटी वाढली.

जेवण झाल्यावर म्हणाले, "ती जीन्स दे."

मी बघत राहिले.

"मागून फार सुटायला लागलीये. आज बघितलं."

त्या दुपारबद्दल ते एवढंच बोलले. आज बघितलं.

घरच्या मशीनवर त्यांनी दोरा ओवला. जीन्सला लावतात तो सोनेरी नाही, गडद निळा, कापडाच्या रंगाचा. मी म्हटलं, "पप्पा, दुपारी मी..."

"लाईट धर जरा," ते म्हणाले. "इथे अंधार पडतोय."

मी फोनचा टॉर्च लावून धरला. त्यांनी लोंबणाऱ्या दोऱ्यांच्या वर अर्धा इंच सोडून, काठाच्या चढउताराबरोबर सबंध गोल एक टीप मारली. मग दुसऱ्या पायाला. "याच्या वर आता सुटणार नाही," म्हणाले. "खाली आहेत तेवढ्या दशा राहतील. तुझी फॅशन तशीच." मग जीन्स उलटी करून दाखवली. "आणि टीप दिसणारही नाही."

माझा हात हलत होता. टॉर्चचा उजेड मशीनवर हलत होता. ते दोनदा म्हणाले, नीट धर.

सोमवारी कॉफी मशीनपाशी मी लीडला सांगितलं. "परवा ज्यांनी तुझी जीन्स कापून दिली ना, ते माझे पप्पा आहेत."

तिला आधी मी गंमत करतेय असं वाटलं. मग तिचा चेहरा बदलला. ती बराच वेळ काही बोलली नाही. कप भरून बाहेर सांडायला लागला.

"पण ते तुला ताई म्हणाले," ती म्हणाली.

"हो."

ती त्यावर काही म्हणाली नाही, याबद्दल मी तिची आजही आभारी आहे.

*

हा लेख इथे संपवून 'आणि मला माझी चूक कळली' म्हणणं सोपं आहे. पण चूक मला तेव्हाच, त्या दोन सेकंदांतच कळली होती. कळूनही मी बोलले नाही. त्यामुळे आता फाटक्या काठांची जीन्स घालणाऱ्यांवर रागावण्याचा मला फारसा हक्क राहिलेला नाही. ज्यांनी कधी उसवलेलं लपवलं नाही, त्यांना दोरे लोंबलेले नुसतेच छान दिसतात. त्यात त्यांचा काय दोष? लपवणारी मी होते. आधी स्कर्टवरची रेघ, मग रेघ पुसायला इस्त्री फिरवणारा माणूस.

पुढच्या शनिवारी मी डबा घेऊन एफसी रोडला गेले. तीच जीन्स, तेच बूट. शनिवार म्हणून गर्दी होती. स्टुलावर कॉलेजमधली एक मुलगी उभी होती, तिच्या दोन मैत्रिणी शेजारी. पप्पा खाली, तोंडात दोन टाचण्या.

मी जिन्यापाशी थांबले आणि जरा जास्तच मोठ्याने म्हटलं, "पप्पा, डबा."

मैत्रिणींनी वळून पाहिलं. पप्पांनी मान वर केली नाही. त्यांनी माझे बूट बघितले, तोंडातल्या टाचण्या काढून बाहीला टोचल्या आणि म्हणाले, "ठेव तिथं. आणि हिला जरा समजावून सांग बाई, चप्पल घालून बुटाचं माप देता येत नाही म्हणावं."

मी स्टुलापाशी गेले. त्या मुलीने माझ्या पायांकडे पाहिलं.

"हां, अस्संच हवंय मला," ती म्हणाली. "कुठून करून घेतलंस?"

"इथूनच," मी म्हटलं. "चाळीस रुपये. वरच्या टिपेसकट."

पप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी खडू उचलला.